सर्दीनंतर मुलाचा डोळा सुजला तर पापणी उचलून आत बघायलाच हवं

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. आठ-नऊ दिवस सर्दी होती, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत होता. परवा रात्री ताप चढला आणि काल सकाळी उठला तो डावा डोळा लाल आणि सुजलेला. आज पापणी पूर्ण मिटली आहे. एका डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून थेंब दिले. दुसरे म्हणतात, सायनसचं इन्फेक्शन डोळ्याकडे गेलंय, आजच ॲडमिट करा. सर्दीचा आणि डोळ्याचा असा काय संबंध? सीटी स्कॅन करावाच लागेल का? ऑपरेशन लागतं का? नजर तर जाणार नाही ना?

उत्तर: मूल अजून घरीच असेल तर आधी निघा, बाकीचं उत्तर दवाखान्यात पोचल्यावर वाचा. आठवडाभराची सर्दी, वर ताप, आणि मिटलेली पापणी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या मुलाला नीट तपासल्याशिवाय रात्र काढू देऊ नये. जिथे बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ तिघेही येऊ शकतात आणि रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतो, असं रुग्णालय गाठा. मुलानं शेवटचं कधी आणि काय खाल्लं-प्यायलं ती वेळ लक्षात ठेवा. भूल द्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच असतो.

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि अशी मुलं बरीच वर्षं बघत आलो आहे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. डोळे येतात तेव्हा बहुधा आज एक आणि उद्या दुसरा असे दोन्ही डोळे येतात, पांढरा भाग लाल होतो, चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, पण पापणीची सूज बेताची असते आणि मूल खेळत असतं. तुम्ही सांगताय त्यात एकच डोळा आहे, सूज पापणीची आहे आणि अंगात ताप आहे. अशा मुलाची पापणी उचलून पाहिली तर आतला पांढरा भाग कधी कधी अगदी स्वच्छ असतो. डोळे आलेत म्हणून थेंब घालत बसलं की त्यात एक-दोन दिवस जातात, आणि या आजारात तेच दिवस मोलाचे असतात.

आता सर्दीचा आणि डोळ्याचा संबंध. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी, मधाच्या पोळ्यासारखे हवेचे छोटे छोटे कप्पे असतात. त्यांना एथमॉइड सायनस म्हणतात. ते जन्मतःच असतात. गालातले सायनसही जन्मापासून असतात, लहान असतात एवढंच. कपाळातले फ्रंटल सायनस मात्र सहा-आठ वर्षांपर्यंत नीट तयारसुद्धा झालेले नसतात. त्यामुळे लहान मुलाच्या डोळ्याला सायनसमुळे त्रास झाला, तर उगम जवळजवळ नेहमी एथमॉइडमध्येच सापडतो. हे कप्पे आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये जी भिंत आहे तिचं नावच लॅटिनमध्ये 'कागदी पत्रा' अशा अर्थाचं आहे: लॅमिना पॅपिरेशिया. ती अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसते. शस्त्रक्रिया करताना दुर्बिणीतून बघतो तेव्हा तिच्या पलीकडची चरबी पिवळसर झळकताना दिसते, इतकी ती पातळ. शिवाय तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा जाण्यासाठी भोकं असतात, आणि काही मुलांत जन्मजात फटीही असतात. या भागातल्या शिरांना झडपा नसतात, म्हणून रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं आणि त्याबरोबर जंतूही. म्हणजे पू डोळ्यापर्यंत पोचायला हाड फोडावंच लागतं असं नाही. वाट तयारच असते.

म्हणून काही प्रत्येक सर्दीला घाबरायचं नाही. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच. त्यातल्या शंभरात पाच ते दहा सर्द्यांचं रूपांतर जंतुजन्य सायनुसायटिसमध्ये होतं, आणि त्यातलीही अगदी थोडी डोळ्यापर्यंत जातात. नुसता शेंबूड हिरवा झाला म्हणजे सायनस झाला असं नसतं, साध्या व्हायरल सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो घट्ट आणि रंगीत होतो. दहा दिवस उलटूनही सर्दी-खोकला जराही हटत नसेल, किंवा बरं वाटायला लागल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी ताप पुन्हा उसळला असेल, किंवा पहिल्यापासूनच १०२ च्या वर ताप आणि पुवासारखा शेंबूड सलग तीन दिवस असेल, तर आम्ही सायनुसायटिस म्हणतो. तुमच्या मुलाचं दुसऱ्या प्रकारात बसतं. गंमत अशी नाही, खेदाची गोष्ट आहे, की पुष्कळ मुलांत घरच्यांना सायनसचा पत्ताच नसतो आणि डोळ्याची सूज हीच पहिली खूण ठरते. लहान मुलं डोकं दुखतं किंवा गाल ठणकतो असं सांगत नाहीत.

आता मुद्द्याचं. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ पण चिवट पडदा ताणलेला असतो. त्याला ऑर्बिटल सेप्टम म्हणतात. सूज त्या पडद्याच्या पुढे, म्हणजे नुसत्या पापणीत असेल, तर आजार बहुतेक वेळा औषधानं सुटतो. सूज पडद्याच्या मागे, म्हणजे डोळ्याभोवतीच्या चरबीत, स्नायूंत, नसांच्या शेजारी असेल, तर नजरेला धोका असतो. आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. तीच लाल, तुकतुकीत, मिटलेली पापणी. पापणी किती सुजली आहे यावरून मागे काय चाललंय ते कळत नाही. ते कळतं पापणीखालच्या डोळ्याकडे बघून. मला या उत्तरात एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती.

कसं बघतो ते सांगतो, कारण तुमच्या मुलाला कुणीतरी असं तपासलं का, हे तुम्हालाही ओळखता यायला हवं. मूल आईच्या मांडीवर, डोकं तिच्या छातीला टेकलेलं. मी आधी दुखऱ्या डोळ्याला हात लावतच नाही. चांगल्या डोळ्यापुढे एक लाल खेळणं धरतो, ते डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवतो, त्याचा खेळ करतो. मूल रमलं की सुजलेल्या पापणीवर, हाडाच्या कडेशी, कोरडा कापूस धरून हलक्या हातानं वर सरकवतो. कापूस नसला तर बोट घसरतं आणि मूल किंचाळतं. दाब हाडावर द्यायचा, डोळ्यावर अजिबात नाही. फट दोन-तीन सेकंदच मिळते, तेवढ्यात बरंच कळतं. डोळा खेळण्यामागे फिरतो का, का मधेच अडतो? फिरवताना मूल कळवळतं का? डोळा पुढे आलाय का, किंवा बाहेरच्या बाजूला आणि खाली ढकलला गेलाय का? पांढऱ्या भागावरचं आवरण पाणी भरल्यासारखं फुगलंय का? मग टॉर्च. उजेड चांगल्या डोळ्यावर टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच उजेड झटकन दुखऱ्या डोळ्यावर नेला आणि बाहुल्या आकसण्याऐवजी मोठ्या होऊ लागल्या, तर डोळ्याच्या मुख्य नसेवर ताण आला आहे असं समजायचं. डोळा आतून किती ताठ आहे हेही बोटाला जाणवतं. पापणी अजिबात उघडत नसेल तर नेत्रतज्ज्ञ सुन्न करणारे थेंब घालून छोट्या हुकानं ती उचलतात. "सुजलंय फार, उद्या बघू" हे उत्तर चालत नाही. उघडत नसेल तर स्कॅन करायचा.

रंगाची गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो. नस दबायला लागली की अक्षरं वाचता येईनाशी होण्याआधी बऱ्याचदा लाल रंग फिका पडतो. एक सात वर्षांचा मुलगा होता, दाखल होऊन दुसरा दिवस. चांगला डोळा झाकून त्याला लाल झाकण दाखवलं आणि विचारलं, रंग कुठला. तो म्हणाला, "लालच, पण जुना." दुसऱ्या डोळ्यानं बघ म्हटल्यावर म्हणाला, "हा नवीन लाल." तक्त्यावरच्या ओळी तो दोन्ही डोळ्यांनी सारख्याच वाचत होता. त्या एका शब्दावर आम्ही त्याला तासाभरात शस्त्रक्रियेला घेतलं. त्याची नजर पूर्ण राहिली.

माझ्या उमेदवारीच्या काळातली उलटी गोष्टही सांगायला हवी. एका वॉर्डात मी कनिष्ठ डॉक्टर होतो. एक मुलगा संध्याकाळी दाखल झाला, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. रात्रभरात तिघांनी कागदावर लिहिलं: 'पापणीची सूज तशीच.' त्यातला एक मी. पापणी कुणीच उचलली नाही, मूल नुकतंच झोपलं होतं म्हणून. सकाळी उचलली तेव्हा बाहुली मोठी झालेली होती आणि उजेडाला हलत नव्हती. लगेच पू काढला, पण नजर अर्धीच परत आली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अशा रुग्णाच्या पलंगाला एक कागद लावलेला असतो: वेळ, बाहुली, लाल रंग, डोळ्याची हालचाल. सुरुवातीला दर चार तासांनी तो भरायचा, आणि मूल झोपलेलं असलं तरी उठवून भरायचा. आईवडिलांना त्याचा राग येतो, तो मला समजतो. पण उठवणाऱ्या नर्सला अडवू नका.

मागे काय काय होऊ शकतं याची एक जुनी विभागणी अजून सगळीकडे वापरतात. १९७० साली चँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. पहिली, पडद्यापुढची पापणीची सूज. दुसरी, खोबणीतल्या मऊ भागाची सूज, पण पू साठलेला नाही. तिसरी, हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये पू. चौथी, खोबणीच्या आतच गळू. पाचवी, मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरेत गुठळी. या पायऱ्या नाहीत, मूल एकेक चढत जातं असं समजू नका, काही मुलं पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रकारात येतात. मुलांत पू साठतो तो बहुतेक तिसऱ्या प्रकारचा. भिंतीत ओल आली की रंगाचा पापुद्रा कसा फुगून सुटतो, तसं एथमॉइडच्या बाजूच्या हाडावरचं आवरण सुटतं आणि मधे पू भरतो. आवरण शाबूत असतं, ते पुवाला डोळ्यापासून दूर ठेवतं. पण खोबण ही चारही बाजूंनी हाडाची, मागे निमुळती होत गेलेली, मोठ्या माणसातसुद्धा जेमतेम ३० मिलिलिटरची जागा. मुलात त्याहून कमी. तिथे चमचाभर पुवानंही डोळा पुढे ढकलला जातो आणि नस ताणली जाते.

सीटी स्कॅनबद्दल. प्रत्येक सुजलेल्या पापणीला स्कॅन लागत नाही. डोळा छान फिरतोय, पुढे आलेला नाही, नजर आणि बाहुली ठीक आहे, मूल टवटवीत आहे, तर औषध देऊन २४ तासांत पुन्हा बघणं पुरेसं असतं. पण डोळा पुढे आलाय, फिरताना अडतोय किंवा दुखतोय, दिसायला कमी वाटतंय, पापणी उघडून बघताच येत नाही, उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी आहे, किंवा २४ ते ४८ तास शिरेतून औषध देऊनही सूज आणि ताप हटत नाही, यातलं काहीही असेल तर स्कॅन लगेच करायचा. तो शिरेतून रंगद्रव्य देऊन करावा आणि त्यात खोबण, सायनस आणि मेंदूचा पुढचा भाग तिन्ही यावेत. साध्या एक्स-रेवर यातलं काहीही ठरत नाही, त्यात वेळ घालवू नका. किरणांची भीती आईवडिलांना वाटते आणि ती चुकीची नाही, म्हणूनच आम्ही उठसूट स्कॅन करत नाही. मात्र गरज आहे तिथे तो टाळण्यातला धोका किरणांपेक्षा फार मोठा आहे. मेंदूत किंवा कॅव्हर्नस सायनसमध्ये काही असल्याची शंका असेल तर एमआरआय जास्त स्पष्ट सांगतो. अजून एक: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केला तर तो आधीपेक्षा वाईट दिसू शकतो, मूल मात्र सुधारत असतं. फिल्मपेक्षा मुलाचा डोळा काय सांगतो ते मी जास्त मानतो.

उपचाराची सुरुवात शिरेतल्या अँटिबायोटिकनं होते. रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेऊन ठेवायचा, पण रिपोर्टची वाट बघत थांबायचं नाही. न्यूमोकोकस, हिमोफिलस, निरनिराळे स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस हे नेहमीचे जंतू. म्हणून सेफ्ट्रायॲक्सोन किंवा ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टम यांसारखं औषध, आणि हट्टी स्टॅफिलोकोकसची शंका असेल तर जोडीला व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन. साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे हवेशिवाय वाढणारे जंतूही मिसळायला लागतात. ते औषधाला उशिरा दाद देतात, म्हणून मोठ्या मुलात आम्ही लवकर हात घालतो. मेंदूपर्यंत गेल्याची शंका असेल तर मेट्रोनिडाझोलही जोडतात. हे सगळं डॉक्टरांनी वजनावरून ठरवायचं. नावं तुम्हाला एवढ्यासाठी सांगितली की कागदावर दिसली तर दचकू नये. नाक मोकळं करणारे थेंब वयाला योग्य तेच आणि मोजके दिवस, आणि मिठाच्या पाण्याचा फवारा. सायनसची तोंडं उघडली तर पू आपल्या वाटेनं नाकात उतरतो. शिरेतून किंवा तोंडाने स्टिरॉइड द्यावं का यावर डॉक्टरांत एकमत नाही. मी पहिल्या दिवशी देत नाही. अँटिबायोटिक लागू पडतंय असं दिसल्यावर, सूज रेंगाळत असेल तर थोडे दिवस देतो.

ऑपरेशन लागतंच असं नाही, आणि इथे गेल्या काही दशकांत आमचं वागणं बरंच बदललं. पूर्वी स्कॅनवर पू दिसला की काढायचाच, असा दंडक होता. आता नऊ वर्षांच्या आतलं मूल, पू लहान आणि नाकाच्या बाजूला, नजर आणि बाहुली ठीक, डोळा बऱ्यापैकी फिरतोय, असं असेल तर २४ ते ४८ तास औषधावर ठेवून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, यात अनेक मुलं सुरी न लागताच बरी होतात. तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, हे त्याच्या बाजूनं आहे. पण नजर किंवा रंग कमी झाला, बाहुली बिघडली, डोळा अडकून बसला, तर वय कितीही असो, वाट बघायची नाही. पू मोठा असेल, साधारण १ सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचा, तो डोळ्याच्या वर किंवा बाहेरच्या बाजूला असेल, त्यात हवेचे बुडबुडे दिसत असतील, कपाळाचे सायनस भरले असतील, दाढेतून सुरुवात झालेली असेल, किंवा दोन दिवसांत औषधानं फरक पडला नसेल, तरीही काढावाच लागतो.

शस्त्रक्रिया बहुतेक वेळा नाकातून दुर्बिणीनं होते, चेहऱ्यावर टाका येत नाही. सुजलेलं अस्तर पहिल्या दहा मिनिटांत इतकं रक्त झिरपवतं की औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवून थांबावंच लागतं, घाई केली की काही दिसत नाही. मग एथमॉइडचे कप्पे एकेक उघडत त्या कागदी भिंतीपर्यंत पोचायचं. ती तिथे फुगलेली असते. तिचा पापुद्रा अलगद उचलला की मागून पू दाबानं नाकात येतो, आणि पू येताच पुढे आलेला डोळा आपल्या जागी बसायला लागतो, शेजारी उभे असलेले नेत्रतज्ज्ञ ते बोटानं तपासून सांगतात. आतलं आवरण आम्ही कापत नाही, तेच तर डोळ्याचं रक्षण करत असतं. पू वर किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर भुवईच्या आतल्या टोकाशी किंवा पापणीच्या घडीत छेद घ्यावा लागतो, तो व्रण पुढे फारसा दिसत नाही.

नजर जाईल का, हा तुमचा खरा प्रश्न. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात अशा रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाची त्या डोळ्याची नजर जायची आणि कित्येक मेंदुज्वरानं दगावायचे. आज वेळेवर आलेल्या मुलांत नजर कायमची जाणं फार विरळा आहे. जाते तेव्हा बहुधा नसेवर ताण आणि दाब येऊन तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आणि रक्त पूर्ण थांबलं तर दृष्टिपटल दीडेक तासच तग धरतं. म्हणून नजर घसरताना सापडली तर नेत्रतज्ज्ञ पलंगावरच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छोटा छेद देऊन दाब मोकळा करतात आणि मग शस्त्रक्रियेकडे नेतात. ते बघायला भयंकर वाटतं, पण त्या जखमेची काळजी नसते, ती सहज भरून येते.

तुमचा मुलगा लहान आहे, तरी घरात मोठं भावंड असेल तर हेही ध्यानात असू द्या. दहा-पंधरा वर्षांच्या मुलांत कपाळाचे सायनस भरतात तेव्हा पू मागे मेंदूच्या आवरणाकडे किंवा पुढे कपाळाच्या हाडातून बाहेर येऊ शकतो. कपाळावर मऊ, दुखरा, पिठासारखा दबणारा फुगवटा आला तर त्याला पॉट्स पफी ट्यूमर म्हणतात. नावात ट्यूमर असला तरी तो कर्करोग नव्हे, अठराव्या शतकातल्या पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनच्या नावानं ते चालत आलंय. डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, प्रकाश सहन न होणं, मान ताठणं, झटका, मूल विचित्र वागणं किंवा सतत झोपेत राहणं, ही लक्षणं मेंदूकडे बोट दाखवतात. आणि एका डोळ्याची सूज एकदोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यावरही आली आणि मूल फार आजारी दिसू लागलं, तर कॅव्हर्नस सायनसमधली गुठळी आधी मनात यायला हवी.

सुजलेला डोळा म्हणजे दर वेळी सायनसच, असंही नाही. डास किंवा किडा चावला की पापणी तासाभरात फुगते, खाजते, पण ताप नसतो आणि डोळा मजेत फिरतो. रांजणवाडीत पापणीच्या कडेला एकच दुखरी गाठ असते. अश्रुपिशवीच्या संसर्गात सूज नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली असते. ॲलर्जीत बहुधा दोन्ही डोळे. सर्दी नाही, ताप नाही, आणि एक डोळा काही दिवसांत पुढे येत चाललाय, तर खोबणीतल्या गाठीचा, रॅब्डोमायोसार्कोमासारख्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो. आणि रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेलं किंवा मधुमेह हाताबाहेर गेलेलं मूल असेल तर काळी बुरशी मनात धरूनच सुरुवात करायची असते, तिथे तर तासांचा हिशेब असतो.

घरी एवढंच सांभाळा: सुजलेल्या डोळ्यावर दाब देऊ नका, मालिश नको, कशाचा लेप नको, उरलेल्या अँटिबायोटिकचे दोन डोस देऊन बघूया असं तर अजिबात नको. अर्धवट औषधानं ताप दबतो आणि पू मात्र साठत राहतो. नाक जोरात शिंकरायला लावू नका. तापाचं औषध द्यायला हरकत नाही, पण कुठलं आणि किती वाजता दिलं ते डॉक्टरांना सांगा, कारण ताप उतरलेला बघून कुणाचीही फसगत होऊ शकते.

सगळं नीट झालं तर शिरेतलं औषध काही दिवस, ताप जाऊन डोळा मोकळा फिरू लागेपर्यंत चालतं, आणि नंतर तोंडाने, मिळून साधारण दोन-तीन आठवडे, गुंतागुंत असेल तर जास्त. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी मूल उड्या मारायला लागतं आणि औषध बंद करावंसं वाटतं. करू नका. पहिल्या आठवड्यात रोज एकदा एक डोळा झाकून खेळणं दाखवा, मग दुसरा झाकून. लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखा दिसतो का विचारा. एक डोळा झाकला की चालतं आणि दुसरा झाकला की मूल हात झटकतं, रडतं, असं झालं तर त्याच दिवशी परत या.

पुन्हा होईल का? बहुतेक मुलांना आयुष्यात एकदाच होतं. दुसऱ्यांदा झालं तर आम्ही कारण शोधतो: ॲडेनॉइड वाढलेत का, ॲलर्जी आहे का, नाकात मांसाचे कोंब आहेत का, प्रतिकारशक्ती कमी आहे का, वरची दाढ किडली आहे का. हिब आणि न्यूमोकोकसच्या लसी राहिल्या असतील तर त्या पूर्ण करून घ्या. हिबची लस आल्यापासून त्या जंतूमुळे होणारा डोळ्याचा हा आजार खूप कमी झाला आहे. तुमच्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड रुग्णालयात जाताना सोबत घ्या, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा, "डोळा उघडून पाहिलात का, आणि तो फिरतोय का?" हा प्रश्न विचारल्याचा कुणाही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.